गॉफ बेट

दक्षिण अटलांटिक महासागरातील ज्वालामुखीजन्य बेट व वन्यजीव राखीव क्षेत्र. ४०° २०′ द. अक्षांश व ९° ५६′ प. रेखांशाच्या आसपास, ट्रिस्टन द कुन्या बेटाच्या आग्नेयीस सुमारे ४०० किमी. आणि केपटाउनपासून सुमारे २,६०० किमी. अंतरावर. लांबी १३ किमी., रुंदी ७ किमी., क्षेत्रफळ सुमारे ६५ चौ. किमी. काही ठिकाणी ९१ चौ. किमी. हा आकडा दिसतो. तो लांबी-रुंदीच्या गुणाकारातून आला असावा, आणि डोंगराळ, अनियमित आकाराच्या बेटाला तो लागू पडत नाही. एडिंबरो हे सर्वोच्च शिखर (९१० मी.). प्रशासनाच्या दृष्टीने बेट सेंट हेलेना, असेन्शन व ट्रिस्टन द कुन्या या ब्रिटिश सागरपार प्रदेशात मोडते.

शोध : बेट प्रथम कोणी व केव्हा पाहिले, याविषयी एकवाक्यता नाही. पोर्तुगीज खलाशी गॉन्सालो आल्व्हारेस याने १५०५ मध्ये, बहुधा जुलै महिन्यात, ते पाहिले असे सामान्यतः मानतात. वास्को द गामाच्या १४९७ च्या सफरीत ‘साँव गाब्रिएल’ जहाजावर असलेला आल्व्हारेस तो हाच, हीही प्रचलित समजूत आहे. त्या काळी पूर्वेकडे निघालेली पोर्तुगीज जहाजे अनुकूल वाऱ्यासाठी अटलांटिकमध्ये मोठे वळसे घेत व कधीकधी चाळिसाव्या अक्षांशाच्या आसपास उतरत, त्यामुळे दर्शन योगायोगाने घडले असणे शक्य आहे. १५०५ म्हटले की मार्चमध्ये लिस्बनहून निघून सप्टेंबरात कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पोहोचलेला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्को द आल्मेइदा याचा काफिला आठवतो. पण तो जुलैच्या उत्तरार्धात पूर्व आफ्रिकेच्या किल्व्यास होता. जुलै ही तिथी धरल्यास बेटाच्या शोधाचा संबंध त्याच्या मुख्य जहाजांशी लावता येत नाही. पुरावा मुख्यतः नकाशांचा आहे, आणि त्यावरून महिना ठरवणे धाडसाचेच.

सोळाव्या शतकापासून बेट गॉन्सालो आल्व्हारेसच्या नावाने नकाशांत येते. पुढे काही नकाशांत ते ‘दिएगो आल्व्हारेस’ झाले. नावाचा संक्षेप नक्कल करणाऱ्याने चुकीचा वाचला असावा, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. दिएगो नावाचा स्वतंत्र शोधक मानण्याचे कारण दिसत नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या कोशांतही दोन्ही नावे जोडीने आढळतात.

अँटनी द ला रोशे हा व्यापारी १६७५ मध्ये बेटावर उतरला, असे काही इतिहासकार म्हणतात. दक्षिण जॉर्जियाच्या परिसरातून परतताना त्याला ४५° दक्षिणेच्या सुमारास एक मोठे, रम्य बेट लागले व तेथे पूर्वेस चांगले बंदर, लाकूड आणि पाणी मिळाले, असा वृत्तांत आहे. अक्षांशात सुमारे पाच अंशांची तफावत त्या काळच्या साधनांच्या मानानेही मोठी ठरते. शिवाय गॉफला चांगले बंदर नाहीच. किनारा उभ्या कड्यांचा असून उतरण्याजोग्या जागा थोड्या. या वर्णनातील बेटाच्या शोधात फ्रेंच ला पेरूजसारखे दर्यावर्दी अठराव्या शतकाच्या अखेरीस फिरले, पण रिकाम्या हाताने परतले. ला रोशेचे बेट म्हणजे गॉफ हे मत त्यामुळे दुबळे वाटते.

आजचे नाव ‘रिचमंड’ जहाजाचा कप्तान चार्ल्स गॉफ याच्यावरून पडले. त्याने ३ मार्च १७३२ रोजी बेट पाहिले व ते नवे समजून कळवले. जुन्या ग्रंथांत १७३१ हे वर्ष मिळते. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू होई. हा एका वर्षाचा फरक त्यातून उद्भवला असावा. गॉफने दिलेले स्थान आल्व्हारेसच्या नकाशातील स्थानाच्या बरेच पूर्वेस असल्याने काही काळ एकाची दोन बेटे मानली गेली. रेखांश मोजण्याची भरवशाची सोय नसताना अशी जुळी बेटे नकाशांत वारंवार उपजत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेमकी निरीक्षणे झाल्यावर हा घोळ मिटला.

सीलशिकार : कातड्यासाठी व तेलासाठी शिकारी टोळ्या बेटावर राहत. ज्ञात असलेली पहिली टोळी ‘रॅम्बलर’ या अमेरिकी जहाजाची (१८०४–०५). तुरळक शिकार १९१० पर्यंत चालली व फरसील जवळजवळ संपले. या टोळ्यांची दप्तरे त्रोटक आहेत. अपवाद जॉर्ज कोमर याचा : १८८८–८९ च्या मुक्कामात त्याने टिपणे केली व नमुने जमवले. बेटावरच्या न उडणाऱ्या पाणकोंबडीच्या शास्त्रीय नावात ‘कोमेरी’ आहे ते त्याच्यामुळे. घरउंदीर बेटावर आले तेही याच जहाजांतून असे मानतात.

वैज्ञानिक पाहणी : विल्यम स्पायर्स ब्रूसच्या स्कॉटिश अंटार्क्टिक मोहिमेने ‘स्कोशिया’वरून २१ एप्रिल १९०४ रोजी पहिली शास्त्रीय भेट दिली. शॅकल्टन–रोएट मोहीम १९२२ मध्ये येऊन गेली. गॉफ भारीट या पक्ष्याच्या ‘रोएटिया’ या प्रजातिनामात तिच्या आश्रयदात्याचे नाव टिकले आहे. १९३८ मध्ये ‘मिलफर्ड’ या युद्धनौकेच्या भेटीत ब्रिटनने बेटावर औपचारिक हक्क सांगितला. १९५५–५६ च्या पाहणीने बेटाचा पहिला सविस्तर अभ्यास केला. तिने उभारलेले हवामान केंद्र १९५६ पासून दक्षिण आफ्रिका चालवते. १९६३ मध्ये ते आग्नेय किनाऱ्यावर हलवले. तेथील मोजक्या कर्मचाऱ्यांखेरीज कायम वस्ती नाही.

भूविज्ञान : बेसाल्ट व ट्रॅकाइट हे मुख्य खडक. समुद्रसपाटीवरील खडक सुमारे दहा लाख वर्षांहून जुने नसावेत. साठ लाख हा पूर्वीचा अंदाज मागे पडला आहे. समुद्रतळावरील वॉल्व्हिस पर्वतरांगेच्या नैर्ऋत्य टोकाकडील ट्रिस्टन–गॉफ उष्णस्थानाशी (पृथ्वीच्या अंतर्भागातून तप्त द्रव्य वर येणाऱ्या जागेशी) बेटाचा संबंध जोडतात.

जीवसृष्टी व संरक्षण : किनारी झुपकेदार गवत, त्यावर नेचे व फायलिका वृक्ष, माथ्यावर पीटच्या दलदली. ट्रिस्टन ॲल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची जवळजवळ सर्व वीण येथेच होते, अटलांटिक पेट्रेल या दुसऱ्या समुद्रपक्ष्याचीही. शिकार थांबल्यावर फरसील पुन्हा लाखांत गेले. १९७६ च्या ट्रिस्टन कायद्याने बेट वन्यजीव राखीव क्षेत्र झाले, १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले आणि २००४ मध्ये त्या नोंदीत इनॲक्सेसिबल बेटाचीही भर घालण्यात आली.

कायद्याने माणसे रोखली, उंदीर मात्र आधीच आत होते. सामान्य घरउंदरापेक्षा सुमारे निम्म्याने मोठे झालेले हे उंदीर समुद्रपक्ष्यांची जिवंत पिले कुरतडून खातात, हे २००० नंतरच्या निरीक्षणांत उघड झाले. दर दोन वर्षांनी एकच अंडे घालणाऱ्या ॲल्बट्रॉसला ही हानी सोसवत नाही. २०२० ची उच्चाटन मोहीम कोविडमुळे थांबली. २०२१ मध्ये हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकले, पण त्याच वर्षी डिसेंबरात कॅमेऱ्यात उंदीर दिसला आणि मोहीम फसल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतरच्या विणीच्या हंगामात उंदीर विरळ असल्याने पिले अधिक जगली. उंदरांची संख्या पुन्हा वाढत जाईल तसा हा लाभ ओसरणार, असेच अभ्यासक धरून चालतात.