हिब्रू मजकुरातील क्रमांकित समीकरणे : पार्श्वभूमी

हिब्रू वाक्य उजवीकडून डावीकडे जाते, परंतु आजच्या हिब्रू गणितग्रंथातील समीकरण लॅटिन व ग्रीक अक्षरांत आणि आपल्या ओळखीच्या अंकांत डावीकडून उजवीकडेच छापले जाते. समीकरणाशेजारी कंसात येणारा क्रमांक मात्र सूत्राचा भाग नसून भोवतालच्या हिब्रू मजकुराचा असतो, कारण पुढे «समीकरण ३ पाहा» असे सांगणारे वाक्य हिब्रूच असते. हा क्रमांक समीकरणाच्या कोणत्या बाजूला ठेवावा, या अडचणीचे मूळ या दुहेरी नात्यात आहे.

हा पेच हिब्रू गणिताइतका जुना नाही. बाराव्या शतकात ज्यू विद्वान अब्राहम इब्न एझरा यांनी पहिली नऊ हिब्रू अक्षरे आणि शून्यासाठी एक वर्तुळ वापरून स्थानमूल्याची पद्धत मांडली, तर लेवी बेन गेर्शोन यांनी १३२१ मध्ये आपला अंकगणितावरील ग्रंथ पूर्ण केला. तेव्हा आजच्यासारखी चिन्हांची समीकरणेच नव्हती. विसाव्या शतकात उच्च शिक्षण हिब्रूतून सुरू झाले, तेव्हा चित्र बदलले. हैफातील टेक्निऑन या तंत्रशिक्षण संस्थेमध्ये शिकवण्याची भाषा जर्मन असावी की हिब्रू, यावरून १९१३ मध्ये मोठा वाद झाला आणि अखेर हिब्रूचा विजय झाला. जेरुसलेमचे हिब्रू विद्यापीठ १९२५ मध्ये उघडले. भाषा हिब्रू ठरली, पण चिन्हे युरोपीयच राहिली. अनेक अरब देशांत सूत्रेही अरबी अक्षरांत उजवीकडून डावीकडे लिहिली जातात. हिब्रूने ती वाट धरली नाही, आणि म्हणूनच तिच्या पानावर दोन दिशा कायमच्या एकत्र नांदू लागल्या.

डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीत क्रमांक समीकरणाच्या उजवीकडे किंवा डावीकडे टाकण्यासाठी दोन स्वतंत्र आज्ञा होत्या, परंतु दोहोंमागे डावीकडून वाहणारी ओळ गृहीत धरलेली होती. क्नूथ आणि पिअर मॅकके यांनी १९८७ मध्ये दोन दिशांचा मजकूर एकत्र जुळवण्याची योजना प्रसिद्ध केली. तिच्यातून निघणारी फाइल वेगळ्या प्रकारची असल्याने छपाईसाठी खास चालक (ड्रायव्हर) लागत असे. पुढे पीटर ब्राइटनलोनर यांनी हेच काम नेहमीच्या फाइलमध्ये बसवले आणि ते नव्वदच्या दशकात ई-टेक या टेकच्या विस्तारित आवृत्तीमध्ये आले. माझ्या मते या विषयातील खरी समज येथे दिसते, कारण ई-टेकने समीकरणाच्या लगेच आधीचा मजकूर कोणत्या दिशेने वाहत होता, हे नोंदवणारे एक स्वतंत्र चल दिले. क्रमांक कुठे जावा याचे उत्तर सूत्रात नसून आधीच्या ओळीत आहे, हे त्यातून मान्य झाले.

तरीही लेखकांचे कष्ट संपले नाहीत. उजवीकडून वाहणाऱ्या टेक-खंडात अंक जसेच्या तसे टाकले तर त्यांचाही क्रम उलटतो, त्यामुळे प्रकरण व समीकरण मिळून झालेल्या क्रमांकाला डावीकडून वाहणाऱ्या वेगळ्या खंडात बांधावे लागते, आणि हे समीकरणाजवळ जितके आवश्यक तितकेच लेबलवरून दिलेल्या प्रत्येक संदर्भातही. अनेक ओळींची समीकरणे बरोबरीच्या चिन्हावर जुळवताना रकान्यांचा क्रम फिरण्याचा धोका असतो. झीटेक या टेकच्या नव्या आवृत्तीसाठी दोन दिशांचा मजकूर हाताळणाऱ्या बिडी या पॅकेजमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या गणित पॅकेजसाठी निराळी फाइल आहे. ल्युआटेक या दुसऱ्या आवृत्तीमध्ये परिच्छेदाची, मजकुराची आणि गणिताची दिशा स्वतंत्रपणे ठरवता येते.

संगणकावरील अक्षरांना संकेतांक देणाऱ्या युनिकोड या मानकानेही सूत्र आणि मजकूर यांतील हाच भेद जपला आहे. अनंत संचांच्या आकारासाठी गणितज्ञ कँटर यांनी वापरलेले आलेफ आणि हिब्रू वर्णमालेतील आलेफ दिसायला सारखे असले तरी त्यांना वेगवेगळे संकेतांक आहेत. पहिले डावीकडून वाहणारे गणिती चिन्ह मानले जाते, दुसरे उजवीकडून वाहणारे अक्षर. लेखकाने समीकरणाला क्रमांकाऐवजी हिब्रू अक्षराचे लेबल दिले, तर कंसात दुसरे आलेफ यायला हवे, आणि सूत्रात पहिले.