तोल, तांबं आणि अँटीऑक्सिडंटची गोळी

बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो, रात्री बाथरूमला जाताना भिंत धरावी लागते. साठी-सत्तरीनंतर ही तक्रार सर्रास ऐकू येते. मग घरातलं कुणीतरी 'ताकदीच्या गोळ्यां'चं पाकीट आणून देतं. त्यावर हल्ली हमखास 'अँटीऑक्सिडंट', म्हणजे पेशींची झीज रोखणारा पदार्थ, असं लिहिलेलं असतं. आत ई आणि क जीवनसत्त्व, झिंक, सेलेनियम, बरोबर बी-कॉम्प्लेक्स. या गोळीचं आणि तोलाचं नातं आहे, पण पाकीट सुचवतं त्याहून बरंच वाकडं.

ई जीवनसत्त्वाचा शोध 1922 सालचा. कॅलिफोर्नियात बर्कलेला हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांच्या उंदरांना ठरावीक खाद्यावर गर्भ टिकत नव्हता, आणि लेट्यूसची पानं, गव्हाचा अंकुर दिल्यावर टिकू लागला. त्यामुळे कितीतरी वर्षं हे अपत्यप्राप्तीचं जीवनसत्त्व मानलं गेलं. मज्जातंतूंशी त्याचा संबंध फार उशिरा लक्षात आला, तोही ज्यांच्या आतड्यातून चरबी शोषलीच जात नाही अशा मुलांमुळे. ई चरबीत विरघळतं, त्यामुळे तेही शोषलं जात नाही. ही मुलं हळूहळू लटपटत चालू लागत. 1995 मध्ये एक जनुकही सापडलं, ज्यात दोष असला तर खाण्यात ई भरपूर असूनही यकृत ते रक्तात नीट पोचवत नाही. अशा रुग्णाला वेळेत मोठा डोस दिला तर आजार थोपवता येतो. अँटीऑक्सिडंटमुळे तोल सावरल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल, पण ते खऱ्याखुऱ्या कमतरतेचं आहे आणि तशी कमतरता दुर्मीळ.

मग ही गोळी सगळ्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला कशी आली? त्याचं मूळ डेनहॅम हार्मन यांच्या 1956 च्या लेखात आहे. हार्मन आधी तेल कंपनीत रसायनतज्ज्ञ होते, नंतर डॉक्टर झाले. पेशींमध्ये तयार होणारे फ्री रॅडिकल्स, म्हणजे आसपासच्या रेणूंना इजा करणारे अस्थिर रेणू, शरीर हळूहळू झिजवतात, म्हणजेच आपण म्हातारे होतो, असं त्यांनी मांडलं. अँटीऑक्सिडंट याच रॅडिकल्सना आवर घालतात. 1969 मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी या रॅडिकल्सचा बंदोबस्त करणारं शरीरातलंच एक विकर (एन्झाइम) शोधलं आणि कल्पनेला बळ आलं. लोखंड गंजतं तसं शरीर गंजतं, हे कुणालाही पटकन पटतं. इतकं पटतं, की पुराव्याची वाट कुणी पाहिली नाही.

पुरावा आला तेव्हा वेगळंच निघालं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत (1994) बीटा-कॅरोटीन (गाजरातला, अँटीऑक्सिडंट मानला जाणारा रंगद्रव्य घटक) घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग सुमारे 18 टक्क्यांनी जास्त आढळला. ई जीवनसत्त्वानेही त्यांचा हा कर्करोग टळला नाही. अर्थात ही चाचणी कर्करोगासाठी होती, तोलासाठी नव्हे. मोठ्या चाचण्यांचा भर राहिला तो बहुतेक कर्करोग आणि हृदयविकारावरच.

अशा गोळ्यांमुळे तोल बिघडल्याच्या नोंदी मात्र आहेत. 1983 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सात जणांची हकीगत छापली. ते रोज 2 ते 6 ग्रॅम बी-6 (बी-कॉम्प्लेक्समधलंच एक जीवनसत्त्व) घेत होते. शरीराची गरज असते जेमतेम दोन मिलिग्रॅमची! पायांची संवेदना जाऊन त्यांची चाल अडखळू लागली होती, आणि गोळी बंद केल्यावर ती सुधारली. झिंकची तऱ्हा आणखी आडवळणाची. जास्त झिंक गेलं की आतड्याच्या पेशी तांबं आतच धरून ठेवतात आणि शेवटी ते मळावाटे निघून जातं. शरीरात तांबं साठणाऱ्या विल्सनच्या आजारात याच गुणासाठी झिंक देतात. पण तांबं फारच उतरलं तर मज्जारज्जूच्या मागच्या भागाला इजा होते. पाय कुठे पडतोय ही खबर याच वाटेनं मेंदूला जाते. ती तुटली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो, आणि डोळे मिटले की झोकांडी खातो. कवळी चिकटवायच्या क्रीममधल्या झिंकमुळे असं झाल्याच्या नोंदी 2008 मध्ये अमेरिकेत आल्या. क्रीम रोज, वर्षानुवर्षं आणि नको इतकं वापरलेलं. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारावरच्या 2001 च्या प्रसिद्ध अमेरिकी चाचणीतल्या गोळ्यांत 80 मिलिग्रॅम झिंक होतं. झिंकमुळे तांबं उतरतं हे ठाऊक असल्यामुळे त्यात 2 मिलिग्रॅम तांबंही मुद्दाम घातलं होतं.

तांब्याच्या कमतरतेचं हे चित्र आपल्याकडच्या डॉक्टरांना ओळखीचं वाटेल, कारण ते हुबेहूब बी-12 च्या कमतरतेसारखं दिसतं. आणि ती कमतरता दुर्मीळ नाही: जन्मभर शाकाहार, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, वर रोजची ॲसिडिटीची गोळी. बेसिनवर झोक जाणाऱ्या आजोबांच्या पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) ठेवून कंप जाणवतो का ते पाहणं आणि बी-12 तपासणं, एवढ्यानं बरंच कळतं. पाकिटातल्या बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-12 असलं, तरी ते ज्याच्या अंगी लागतच नाही त्याला डॉक्टर बहुधा इंजेक्शन लिहून देतात.