‘टू’ म्हणजे नेमकं किती?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या तोंडी दोन आकडे असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. इंग्रजीतल्या ‘व्हेरी’ (very) आणि ‘टू’ (too) यांच्यातला फरक इथे चांगला दिसतो. ३८ फुटांवरचं पाणी ‘व्हेरी हाय’: खूप चढलंय, एवढंच. ४३ ओलांडल्यावर ते ‘टू हाय’. ‘टू’मागे नेहमी एक मर्यादा असते, कधी सांगितलेली, बहुतेकदा गृहीत धरलेली, ती ओलांडली गेली, हे तो शब्द सांगतो. म्हणून तांबडा रस्सा ‘टू स्पायसी’ असू शकतो, कारण मर्यादा खाणाऱ्याच्या जिभेची. ‘टू टेस्टी’ म्हटलं तर मात्र ऐकणारा विचारात पडतो: चव जास्त झाली, ती कशासाठी?

हा ‘टू’ (too) मुळात ‘कडे’ या अर्थाचा ‘टू’च (to) आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन्हींसाठी एकच ‘टो’ होता. वाक्यात आघात नसेल तिथे त्याचा स्वर आखडला, आघात असेल तिथे लांबच राहिला. सोळाव्या शतकात या लांब रूपाला जादा ‘ओ’ मिळाला आणि स्पेलिंगही वेगळं झालं. ‘ऑफ’ (off) आणि ‘ऑव्ह’ (of) यांची फारकतही अशीच, आघातामुळे झालेली. जर्मनने ती केलीच नाही; तिथे ‘त्सू’ आजही ‘कडे’ आणि ‘अति’ दोन्ही सांभाळतो. एखाद्या गोष्टीकडे आणखी काही नेलं की भर पडते, तो ‘टू’चा दुसरा, ‘सुद्धा’ हा अर्थ; भर गरजेपलीकडे गेली की अतिरेक. आपल्या ‘अति’चा मूळ अर्थही ‘पलीकडे’ असाच, ‘अतिक्रमण’मध्ये तो अजून शाबूत आहे. ‘खूप’ मात्र फारसीतल्या ‘चांगला’ या अर्थाच्या ‘खूब’पासून आला आणि ‘व्हेरी’ जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दापासून. त्यांत मर्यादा नव्हतीच.

दहावीच्या ‘रिमूव्ह टू’ प्रश्नात, म्हणजे ‘टू’ (too) काढून तेच वाक्य पुन्हा लिहिताना, मुलं अडतात ती याच मर्यादेपाशी. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’ यात नकार दडलेला आहे. पहिल्या ‘टू’च्या जागी ‘सो’, दुसऱ्याच्या जागी ‘दॅट’, मग कर्ता, मग ‘कॅनॉट’. वाक्य भूतकाळी असेल तर ‘कुड नॉट’. इथे वर्तमानकाळ आहे, म्हणून ‘द टी इज सो हॉट दॅट वन कॅनॉट ड्रिंक इट’. ‘नॉट’ लिहायचं राहिलं तर चहा पिण्याजोगा ठरतो, अर्थच उलटतो. शेवटचं ‘इट’ही हमखास गळतं. मूळ वाक्यात ते नव्हतं हे खरं, पण ‘दॅट’नंतर नवं वाक्य सुरू होतं आणि त्याला स्वतःचं कर्म लागतं.