‘डॉक्टर फॉस्टस’ची पार्श्वभूमी: एक शब्द, दोन छापील प्रती

इंग्रज नाटककार ख्रिस्तोफर मार्लोचं ‘डॉक्टर फॉस्टस’ हे सैतानाला आत्मा विकणाऱ्या एका विद्वानाचं नाटक. ते दोन जुन्या छापील प्रतींमधून आपल्यापर्यंत पोचलं आहे. एक १६०४ ची, दुसरी १६१६ ची. मार्लोचा खून ३० मे १५९३ रोजी लंडनजवळच्या डेप्टफर्डमध्ये झाला. म्हणजे यातली एकही प्रत त्याच्या नजरेखालून गेलेली नाही. दुसरी प्रत पहिलीपेक्षा सुमारे सहाशे ओळींनी मोठी आहे. तरीही सगळ्यात जास्त वाद झाला तो एका शब्दावर, आणि तो व्हायलाच हवा होता.

दुसऱ्या अंकात फॉस्टस डगमगतो. वाईट देवदूत म्हणतो, आता फार उशीर झाला. चांगला देवदूत उत्तर देतो. १६०४ च्या प्रतीत त्याच्या उत्तराचा अर्थ असा: उशीर कधीच होत नसतो, फॉस्टसला पश्चात्ताप करता आला तर. १६१६ च्या प्रतीत: उशीर कधीच होत नसतो, फॉस्टसने पश्चात्ताप करायचं मनावर घेतलं तर. बाकीची ओळ जशीच्या तशी. पहिल्यात त्याची ताकद पणाला लागते, दुसऱ्यात त्याची इच्छा. पश्चात्ताप माणसाच्या हातात आहे की नाही, हाच तेव्हाच्या इंग्लंडमधला सर्वांत स्फोटक धर्मप्रश्न होता.

मूळ दंतकथा जर्मन. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात या नावाचा एक भटका जादूगार खरोखर होता. १५८७ मध्ये फ्रँकफुर्टला त्याच्यावरचं पुस्तक छापलं गेलं आणि त्याच्या इंग्रजी भाषांतराची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत १५९२ ची आहे. पुस्तकाचा सूर उपदेशाचा आहे: वाचा आणि धडा घ्या. मार्लोने त्यातले प्रसंग उचलले, पण त्याच्या नायकाची घालमेल केंब्रिजमध्ये धर्मशास्त्राचे वाद ऐकलेल्या माणसानेच लिहावी अशी आहे.

निषिद्ध ज्ञानाची बाजू त्या मानाने सरळ आहे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने दुष्ट आत्म्यांना आवाहन करणं हा देहान्ताचा गुन्हा ठरला होता. रोमने आपली निषिद्ध ग्रंथांची यादी १५५९ मध्ये काढली होती. पण नाटक वाचताना लक्षात येतं की आत्मा विकून फॉस्टसच्या पदरात फारसं काही पडतच नाही. तो मेफिस्टोफिलिसला, म्हणजे त्याच्या दिमतीला आलेल्या सैतानाच्या दूताला, ग्रहगोलांबद्दल विचारतो आणि मिळालेल्या उत्तरांवर चिडतो, कारण ही तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाठांतरं आहेत, आपला नोकरही ती सांगेल. मग तो विचारतो, जग कोणी निर्माण केलं? मेफिस्टोफिलिस उत्तर द्यायला साफ नकार देतो. ज्यावर खरा पहारा आहे तो एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी फुकट मिळत होतं. या नकारानंतर काही ओळींतच देवदूतांचा वरचा संवाद येतो.

फॉस्टसची फसगत पहिल्याच प्रवेशात दिसते. तो बायबल उघडून वाचतो, पापाचे वेतन मरण आहे, आणि तिथेच थांबतो. त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग देवाच्या कृपादानाचा आहे. मग तो योहानाच्या पत्रातलं वचन काढतो: आपल्या ठायी पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो. लगेच पुढचं वचन सांगतं की आपण आपली पापं पदरी घेतली तर त्यांची क्षमा होईल. तेही तो वाचत नाही. धर्मशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेला, तोही प्रोटेस्टंट धर्मसुधारक ल्यूथरच्या विटेनबर्गमधला माणूस ही वचनं अर्धवट सोडतो. प्रेक्षकांपैकी अनेकांना ती तोंडपाठ असणार.

आता पश्चात्ताप. जुन्या कॅथलिक व्यवस्थेत त्याचा रस्ता ठरलेला होता: धर्मगुरूपुढे पापनिवेदन, प्रायश्चित्त, क्षमा आणि मेल्यावर पर्गेटरीत, म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याच्या तात्पुरत्या जागी, उरलेली शुद्धी. जुन्या नीतिनाटकांत पापनिवेदन हे रंगमंचावरचं एक पात्रच असायचं आणि नायकाला वाट दाखवायचं. इंग्लंडच्या सुधारित (प्रोटेस्टंट) चर्चने पर्गेटरी मोडीत काढली आणि ती सक्तीची शिडीही काढून घेतली. फॉस्टसच्या नाटकात त्याचं पाप ऐकून क्षमा उच्चारणारा धर्मगुरू कुठेच नाही. शेवटच्या तासात तो विनवतो की नरकात हजार वर्षं, लाख वर्षं ठेवा, पण अखेरीस सोडवा. तो मागतोय ती पर्गेटरीच, आणि त्याच्या प्रेक्षकांच्या चर्चमध्ये ती जागा शिल्लक नव्हती.

तिच्या जागी आली पूर्वनियती: कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलं आहे. इंग्लंडच्या चर्चच्या, १५७१ मध्ये पक्क्या झालेल्या ३९ धर्मकलमांतलं १७ वं कलम यावरच आहे. त्याच कलमात एक इशाराही आहे. चौकस आणि देहासक्त माणसांनी या विचारात सतत गुंतून राहणं घातक आहे, कारण सैतान त्यातूनच त्यांना निराशेत ढकलतो. फॉस्टसचं यापेक्षा नेमकं वर्णन सापडणार नाही. १५९५ मध्ये केंब्रिजमध्ये एका प्रवचनावरून या मुद्द्यावर इतकं रान पेटलं की आर्चबिशपच्या संमतीने नऊ कडक कलमं तयार झाली, आणि राणीच्या नाराजीमुळे ती बाजूला ठेवावी लागली. तोवर ‘डॉक्टर फॉस्टस’ लंडनच्या रोझ नाट्यगृहात चालू होतं. तिथल्या हिशेबाच्या वहीत त्याची पहिली नोंद ३० सप्टेंबर १५९४ ची आहे.

निराशेची एक खरी कहाणीही तेव्हा घरोघर माहीत होती. व्हेनिसच्या राज्यातल्या एका वकिलाने १५४८ मध्ये धर्मन्यायालयाच्या धाकाने आपली प्रोटेस्टंट मतं जाहीरपणे नाकारली. त्यानंतर देवाने आपल्याला टाकलं आहे, आपल्याला पश्चात्ताप करताच येत नाही, या खात्रीने तो खंगून मेला. त्यावरचं एक इंग्रजी नाटक १५८१ मध्ये छापलं गेलं आणि त्याच वर्षी त्याचा शेवट बदलला. एका छपाईत दूत येऊन सांगतो की नायकाने निराशेत गळफास घेतला. दुसरीत तोच दूत आनंदाची बातमी आणतो की तो देवाकडे वळून मेला. म्हणजे हा शेवट कसा व्हावा यावर मार्लोच्या आधीच छापखान्यात एकदा मत बदललं होतं.

१६१६ च्या प्रतीकडे याच नजरेने पाहावं लागतं. नाट्यगृहाच्या मालकाने १६०२ मध्ये दोन लेखकांना भर घालण्यासाठी चार पौंड दिल्याची नोंद आहे. १६०६ मध्ये रंगमंचावर देवाचं नाव थट्टेने किंवा अनादराने घेण्याला दहा पौंड दंड लागू झाला. शेवटच्या भाषणात त्याच्या खुणा दिसतात. १६०४ मध्ये फॉस्टस देवाला हाक मारतो, १६१६ मध्ये तिथे नुसता स्वर्ग उरतो. ख्रिस्ताचं रक्त आकाशात वाहताना दिसतं ती ओळ तर नाहीशीच झाली आहे. मरणाच्या दारात देवाचं नाव ओठांवर आणण्याची धडपड हाच त्या भाषणाचा प्राण आहे. त्यामुळे हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

गुंता असा की जी प्रत फॉस्टसने मनावर घ्यावं म्हणते, तिच्यातच मेफिस्टोफिलिसची जादा कबुली आहे: तू बायबल वाचत होतास तेव्हा पानं मीच उलटत होतो आणि तुझी नजर मीच वळवत होतो. पानं सैतानाने उलटली असतील तर इच्छा तरी कुणाची? एका बाजूने माणूस मोकळा केला आणि दुसऱ्या बाजूने त्याला पुन्हा बांधला, असं हे झालं. १६०४ ची प्रत जास्त सुसंगत आहे. आपलं काळीज दगड झालं आहे, पश्चात्ताप जमत नाही, असं फॉस्टस स्वतः म्हणतो, आणि देवदूताचं ‘करता आला तर’ त्याच जखमेवर बोट ठेवतं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर, १९५० मध्ये, एका मातब्बर संपादकाने दोन्ही प्रती समोरासमोर छापून १६१६ ची प्रत मूळ हस्तलिखिताला जवळची ठरवली. पुढची पंचवीसेक वर्षं बहुतेक आवृत्त्या तीच वाट चालल्या. नंतर वारं फिरलं आणि १९९३ च्या एका आवृत्तीने दोन्ही स्वतंत्र नाटकं म्हणून एकामागोमाग दिली. आजही जुन्या संकलनांत आणि स्वस्त पुनर्मुद्रणांत दोन्हींची सरमिसळ आढळते. हातातली प्रत कोणती हे ओळखायला दोन जागा पुरतात: शेवटच्या भाषणातलं आकाशातलं रक्त १६०४ चं, पानं उलटल्याची कबुली १६१६ ची. दोन्ही सापडली, तर तो पाठ संपादकाने जुळवलेला आहे.