ख्रिस्ती सेवाकार्य व शास्त्राभ्यास : मराठवाडा

ख्रिस्तावरील श्रद्धा दुसऱ्याच्या सेवेतून आणि पवित्र शास्त्राच्या आजन्म अभ्यासातून आचरणात आणण्याच्या साधनेचा विचार या नोंदीत मराठवाड्यापुरता केला आहे. भुकेल्याला अन्न देणे व आजाऱ्याचा समाचार घेणे ही ख्रिस्ताचीच सेवा होय, ही मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातील शिकवण आणि कृतीवाचून विश्वास निर्जीव होय, हा याकोबाच्या पत्रातील विचार, हे तिचे मुख्य आधार मानले जातात.

सेवा व अभ्यास यांच्या परस्परसंबंधाविषयी मात्र मतभेद आहेत. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या ६ व्या अध्यायात विधवांच्या अन्नवाटपासाठी सात जणांची नेमणूक होते आणि प्रेषित स्वतः प्रार्थना व वचनाची सेवा यांना वाहून घेतात. इ. स. दुसऱ्या शतकातील धर्माचार्य आयरेनियसने या सातांना मंडळीचे पहिले डीकन (सेवाकार्यासाठी नेमलेले पदाधिकारी) मानले. परंतु मूळ वृत्तांतात त्यांना ते पद दिलेले नाही, शिवाय त्यांपैकी स्तेफन व फिलिप्प हे लगेचच उपदेश करताना दिसतात, त्यामुळे पुष्कळ आधुनिक अभ्यासक ही परंपरागत समजूत स्वीकारत नाहीत. त्यांचेच मत अधिक ग्राह्य वाटते; म्हणजे सेवा व वचन ही दोन वेगळ्या माणसांची कामे ठरत नाहीत.

मराठवाड्यात ही साधना प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामाच्या राजवटीत रुजली. जन्माने ब्राह्मण असलेले नारायण शेषाद्री (मृ. १८९१) १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे त्यांनी साधारणपणे १८६० नंतरच्या दशकात जालना येथे कार्य सुरू केले आणि पुढे सर सालारजंग यांच्या दिवाणगिरीत मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीचे काम पारशी समाजातून आलेल्या रतनजी नवरोजी यांनी दीर्घकाळ सांभाळले. या भागातील सामूहिक धर्मांतरे दुष्काळातील मदतीमुळे झाली, असे एक मत आहे. १८७६–७८ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी मदतकार्य केले हे खरे. तथापि जालन्याभोवतालच्या मांग समाजातील बाप्तिस्मे पहिल्या दुष्काळाच्या आधीपासून होत असल्याचे दिसते. त्यामुळे केवळ अन्नाचे कारण अपुरे पडते आणि शाळेची व सन्मानाची ओढ विचारात घ्यावी लागते.

नवख्रिस्ती बहुधा निरक्षर असल्याने अक्षरओळख हाच शास्त्राभ्यासाचा पहिला पाठ ठरला, आणि शाळामास्तर व उपदेशक ही कामे पुष्कळदा एकाच माणसाकडे येत. स्त्रियांत हे काम ‘बायबल बाई’ करीत. घरोघर जाऊन वाचन, प्रार्थना व आजाऱ्यांची विचारपूस त्या एकाच फेरीत उरकीत. पंडिता रमाबाईंचे सुबोध मराठी बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यापर्यंत वचन पोहोचले ते मुख्यतः भजन-कीर्तनातून, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक (मृ. १९१९) यांची पदे आजही उपासनेत गायिली जातात.

कॅथलिक परंपरेत घोगरगाव येथे फ्रान्सालियन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी १८९२ च्या सुमारास केंद्र उघडले. सर्वसामान्य भाविकांच्या बायबलवाचनाला या परंपरेत विशेष उत्तेजन मिळाले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चची जागतिक धर्मपरिषद, १९६२–६५). औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा झाला.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रॉटेस्टंट चर्चचा मराठवाडा धर्मप्रांत आहे. जालन्याचे मिशन हॉस्पिटल हे वैद्यकीय सेवेचे जुने केंद्र होय. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात असल्याने काटेकोरपणे मराठवाड्याबाहेरचा आहे, परंतु जामखेड बीड जिल्ह्याच्या सीमेलगत असल्याने येथे त्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. आपल्या कार्यामागील प्रेरणा ख्रिस्ती असल्याचे हे दांपत्य सांगत असे; मात्र प्रकल्पाची सेवा सर्व धर्मीयांसाठी होती, आणि त्यात निवडलेल्या गावोगावच्या, बहुतेक अल्पशिक्षित स्त्रिया आरोग्याचे पाठ घेण्यासाठी नियमितपणे केंद्रावर येत व गावी परतल्यावर तेच इतरांना शिकवीत.