वृद्धाश्रमाच्या आधीचा दवाखाना

माणसाला आयुष्यभर सांभाळणाऱ्या काही संस्था विदर्भात उभ्या राहिल्या त्या कुष्ठरोग्यांसाठी: वर्ध्याजवळचं दत्तपूर (१९३६), अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन. रोग बरा झाला तरी गाव परत घेईना, म्हणून माणसं तिथेच म्हातारी झाली.

बाकीच्या म्हाताऱ्यांचं काय? खेड्यातला सरकारी दवाखाना लस, बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाभोवती वाढला. ५,००० वस्तीला (आदिवासी भागात ३,०००) एक उपकेंद्र. २००५ नंतर आशाताई आल्या. त्यांच्या वहीतही पहिला मान गरोदर बाईचा. म्हाताऱ्यांच्या वाट्याला मुख्यतः मोतीबिंदूचं शिबिर आलं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीसाठीच्या २००७ च्या कायद्याने जिल्ह्यागणिक किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद केली. २०१० च्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा कक्ष ठरवला. हे दोन्ही कागद एकमेकांशी बोलत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कारण वृद्धाश्रमाची वाट बहुधा बीपीच्या गोळीपासून सुरू होते. महिन्याच्या गोळ्या संपतात त्या नेमक्या कापूस वेचणीच्या दिवसांत. म्हाताऱ्याला आरोग्य केंद्रात न्यायचं तर पोराची मजुरी बुडते. डोकं दुखत नाही म्हणून गोळी सुटते आणि पुढे लकवा येतो. नाहीतर ओल्या न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं. आरोग्य केंद्रात एक्स-रे नसतो, ग्रामीण रुग्णालय चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवतं. ऑपरेशन ४८ तासांच्या आत व्हावं, पण तेवढा वेळ बऱ्याचदा ‘तेलमालिश करून पाहू’ म्हणण्यातच जातो. सुट्टी मिळाल्यावर कागदावर फिजिओथेरपी लिहिलेली असते. गावात ती करणारं कुणी नसतं. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, घरचे वावरात. पाठीला जखम होते.

मग वृद्धाश्रमाची चौकशी होते. तिथला पहिलाच प्रश्न: चालतात का, स्वतःचं स्वतः करतात का? खाट धरलेल्याला बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, कारण परिचारिका ठेवण्याइतका पैसा नसतो. ज्याला सर्वात जास्त गरज, तोच दाराबाहेर राहतो.

म्हणून सुट्टीच्या आधीच, वॉर्डातच डॉक्टरांना विचारावं: चालायला किती आठवडे लागतील, लघवीची नळी कधी काढायची किंवा बदलायची, कोणती गोळी कायमची? डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, गोळ्यांची यादी आणि आधार कार्ड एकाच पिशवीत ठेवावं. प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात, आणि जुने कागद नसले तर सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात.