अवयव पाडण्याच्या एका युक्तीची पार्श्वभूमी

शाळेत मूळ अवयव पाडताना आपण एक उभी रेघ ओढतो, तिच्या डावीकडे २, ३, ५ असे मूळ विभाजक आणि उजवीकडे येणारे भागाकार लिहितो आणि शेवटी १ येईपर्यंत खाली उतरत जातो. ८४ साठी २, २, ३ आणि ७ अशा चार ओळींत काम संपते. मात्र २०२७६५१२८१ ही संख्या याच रीतीने फोडू गेल्यास पहिला विभाजक हाती लागण्याआधी साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. अवयव पाडण्याचा इतिहास म्हणजे बहुतांशी हे भागाकार टाळण्याच्या धडपडीचा इतिहास आहे.

मूळ संख्येने एखाद्या गुणाकाराला भाग जात असेल, तर त्या गुणाकारातील निदान एका संख्येला तिने भाग जातोच, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात सिद्ध केले होते. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या विधानाचा पाया तोच आहे. परंतु ते विधान आज शिकवले जाते त्या स्वरूपात मांडून त्याची सिद्धता देण्याचे काम गाउसने थेट १८०१ मध्ये केले. अवयव एकमेव असतात याची खात्री पटली, तरी ते शोधायचे कसे, हा प्रश्न वेगळाच राहतो.

त्या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर शके १२७८ मध्ये, म्हणजे इ. स. १३५६ मध्ये, नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त दिले. ‘भागादान’ हे त्यांचे प्रकरण विभाजक शोधण्यासाठीच आहे. दिलेली संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता आली, की त्या दोन वर्गमुळांची बेरीज आणि वजाबाकी हे तिचे अवयव होतात, असे या रीतीचे मर्म आहे. ११६१ ही संख्या घेऊ. तिच्या आतला सर्वांत मोठा वर्ग ३४ चा, म्हणजे ११५६, आणि शेष ५. वर्गमूळ ३४ दुप्पट करून १ मिळवला की ६९ येतात. त्यांतून ५ वजा केले की ६४ उरतात आणि ६४ हा ८ चा वर्ग आहे. ११६१ मध्ये हे ६४ मिळवले की १२२५, म्हणजे ३५ चा वर्ग, येतो. मग ३५ अधिक ८ म्हणजे ४३ आणि ३५ वजा ८ म्हणजे २७. अवयव पडले आणि भागाकार एकही करावा लागला नाही. वजाबाकी पूर्ण वर्ग आली नसती, तर तिच्यात पुढच्या विषम संख्या, म्हणजे ७१, ७३, ७५, ओळीने मिळवत वर्ग येईपर्यंत जायचे होते.

ही रीत सर्वत्र सारखी चालत नाही, हेही सांगायला हवे. १००१ साठी ती चौदाव्या प्रयत्नात १०२४ या वर्गापाशी पोहोचते आणि ७७ व १३ हाती देते; तोवर ७ ने भागून पाहणारा विद्यार्थी मोकळा झालेला असतो. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील, तिथेच ही युक्ती खुलते.

नारायण पंडितांचे काम फ्रान्समधल्या फेर्माला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, तरीही १६४३ च्या सुमारास त्याने हीच रीत वर सांगितलेल्या दहा अंकी संख्येवर चालवली. वर्गमूळ ४५०२९, शेष ४०४४०, पहिली वजाबाकी ४९६१९. शेवटी १९ असलेली संख्या पूर्ण वर्ग असूच शकत नाही, म्हणून वर्गमूळ न काढताच तो पुढे सरकला. बाराव्या वेळी १०४०४०० आले. तो १०२० चा वर्ग, आणि अवयव ४४०२१ व ४६०६१. गंमत अशी, की ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे असे हाच फेर्मा मानत होता. तिला ६४१ ने भाग जातो हे १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले.

संख्या मूळ नाही हे कळणे आणि तिचे अवयव कळणे यांत किती अंतर असू शकते, याचा नमुना २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या संख्येत दिसतो. ती मूळ नसल्याचे ल्युकासने १८७६ मध्ये सिद्ध केले, पण १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव फ्रँक कोलने मांडले ते १९०३ मध्ये. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये दिलेली प्रसिद्ध कसोटीदेखील संख्या मूळ आहे की नाही एवढेच सांगते, अवयव देत नाही.

वर्गांच्या वजाबाकीची युक्ती मात्र मागे पडली नाही. संख्या स्वतः नव्हे, तर तिची एखादी पट दोन वर्गांची वजाबाकी झाली तरी पुरते, हे क्राइचिकने १९२० च्या दशकात ओळखले आणि त्यावर पोमरन्सने १९८१ मध्ये वर्गचाळणीची, म्हणजे असे वर्ग जुळवण्यासाठी उपयोगी संख्या चाळून काढण्याची, रीत उभारली. गुप्तलेखनाचे आव्हान म्हणून १९७७ मध्ये जाहीर झालेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये याच चाळणीने फोडली. सुमारे ६०० स्वयंसेवकांचे संगणक त्यासाठी आठ महिने राबत होते. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फोडली गेली ती आणखी प्रगत चाळणीने, पण तिथेही शेवट दोन वर्गांपाशीच होतो. त्यांच्या वर्गमुळांची वजाबाकी घ्यायची आणि तिचा व फोडायच्या संख्येचा मसावि काढायचा, तोही युक्लिडच्या भागाकार पद्धतीने.